कव्हरवरची ती

दिवाळी अंक वाचून झाला की रद्दीत जातो. पण मुखपृष्ठावरच्या त्या बाईचं पुढे काय होतं? पाचशे सोळा रुपयांच्या एका चुकीपासून सुरू झालेल्या वेडाची ही गोष्ट.

‘‘त्रेचाळीस किलो झाले ताई. बारानं पाचशे सोळा.’’

रद्दीवाल्या काकांनी काटा खाली ठेवला, सुट्टे सोळा रुपये शोधून दिले आणि गठ्ठे टेम्पोत टाकले. मी त्यांना वर ‘थँक्यू’ही म्हटलं!

२०१९ सालचा मे महिना. सदाशिव पेठेतला आमचा वाडा बिल्डरकडे गेला होता. महिनाभरात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मी नुकतीच मास कॉमची शेवटची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, त्यामुळे घरातली एकमेव ‘रिकामी’ व्यक्ती मीच. पोटमाळा माझ्या वाट्याला आला. तिथे तांब्याचा बंब होता, मोडका पाळणा होता आणि आजोबांचे मासिकांचे गठ्ठे होते. सुतळीनं बांधलेले, प्रत्येक गठ्ठ्यावर वर्षाची चिठ्ठी. आजोबा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. नव्या फ्लॅटमध्ये माळाच नव्हता. मग काय, फोन केला, काका आले, वजन झालं. त्या पैशांत मी आणि माझ्या मावसभावानं दोन पिझ्झे मागवले.

संध्याकाळी आजीनं एवढंच विचारलं, ‘‘अंक पण गेले का गं?’’

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

त्या ‘बरं’चा अर्थ मला कळायला तीन वर्षं लागली.

भिंतीवर ओळखीचा चेहरा

२०२२ मध्ये कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत मी एका स्टार्टअपवाल्याची वाट बघत बसले होते. तो अर्थातच लेट! टाइमपास म्हणून मी भिंतीवरच्या फ्रेम्स बघायला लागले. जुन्या मराठी मासिकांची सहा मुखपृष्ठं, काळ्या चौकटीत, खाली छोटी प्राइस टॅग. व्हिंटेज लूकची क्रेझ आहे ना सध्या, त्यातलाच प्रकार.

चौथ्या फ्रेमपाशी मी थांबले. मान जराशी कललेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हिरवं पोलकं, नजर चित्राबाहेर कुठेतरी लागलेली. या बाईला मी ओळखते! पण कुठून?

घरी पोचेपर्यंत डोकं खाजवत होते आणि मग एकदम पेटली. फराळाच्या ताटावरचा रुमाल! आमच्याकडे दर दिवाळीला आजी ट्रंकेतून एक पांढरा रुमाल काढते. त्यावर एका बाईचं चित्र भरलेलं आहे. चेहरा बारीक उलट्या टिपेनं, पदर साखळी टाक्यानं. लहानपणापासून दरवर्षी त्या बाईला बाजूला सारून मी चकली उचललेली आहे.

मोबाइलवरचा फोटो आजीला दाखवला. तिनं चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

‘‘अगं, हीच ती! पण हिची पणती कुठाय?’’

खरंच की. रुमालावरच्या बाईच्या तळहातावर पणती आहे. कॅफेतल्या बाईनं मात्र पदराचं टोक मुठीत धरलेलं. चेहरा तोच, हात वेगळे. म्हणजे त्याच चित्रकारानं तीच बाई पुन्हा कधीतरी पणतीसकट काढली असणार! कोण हा चित्रकार? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कॅफेत गेले. पण चित्र चौकटीत बसवायला चारी बाजूंनी कापलं होतं. सही गेली होती, वर्ष गेलं होतं, मासिकाचं नावही अर्धंच उरलं होतं. किंमत तेवढी शाबूत होती : १८०० रुपये.

आणि आम्ही त्रेचाळीस किलो पाचशे सोळाला दिले होते.

थोडा इतिहास (स्किप करू नका, इंटरेस्टिंग आहे)

पणतीवाल्या बाईला शोधायचं तर आधी हे जग समजून घ्यायला हवं होतं. मी वाचत गेले आणि चक्रावत गेले. कारण आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत फार थोड्या घरांत भिंतीवर ओरिजनल पेंटिंग असायचं. चित्र घरात यायचं ते दोन वाटांनी : कॅलेंडर आणि मासिकाचं कव्हर.

मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी तो १९०९ साली काढला. त्यानंतर आपल्याकडे दिवाळी म्हणजे कंदील, फराळ आणि अंक असं समीकरणच झालं. १९१६ मध्ये मुंबईत हाजी महंमद अल्लारखिया यांनी ‘वीसमी सदी’ हे गुजराती मासिक सुरू केलं. त्यात म. वि. धुरंधर आणि रविशंकर रावळ यांच्यासारखे चित्रकार चित्रं काढायचे. ‘किर्लोस्कर’ १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून सुरू झालं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. पुढे त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं.

आणि मग येतात या दुनियेचे सुपरस्टार्स. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघंही मूळचे गोव्याचे. दलाल १९१६ चे, मुळगावकर १९१८ चे. दलाल जे. जे.मध्ये शिकले, १९४४ मध्ये मुंबईत केनेडी ब्रिजजवळ स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक. म्हणजे चित्रकारच मालक, चित्रकारच संपादक! आपल्या भाषेत सांगायचं तर ओन कंटेंट, ओन प्लॅटफॉर्म. मुळगावकरांचं तंत्र वेगळं. स्प्रेनं रंगवलेली मऊ, तुकतुकीत त्वचा, जणू आतून दिवा लावलाय. त्यांच्या देवादिकांची कॅलेंडरं महाराष्ट्रभर लागली आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची कव्हरंही त्यांनीच केली. एकीकडे लक्ष्मी, दुसरीकडे पिस्तूल. रेंज बघा!

तिकडे इंग्रजी ‘फिल्मइंडिया’च्या मुखपृष्ठांसाठी गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित नट-नट्या रंगवत होते. तेही १९१६ चेच. आणि १९५१ साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ सुरू केला. त्यातल्या खिडकीचित्रांनी तर धमाल उडवली. पानाला खिडकी कापलेली, त्यातून काहीतरी ‘भलतंच’ दिसतंय असं वाटावं आणि पान उलटलं की साफ पोपट!

दलाल १९७१ मध्ये गेले, मुळगावकर १९७६ मध्ये. आज स्टॉलवर रंगवलेल्या मुखपृष्ठाशेजारी फोटोवाली मुखपृष्ठंही दिसतात. फोटो वाईट असं नाही. पण रंगवलेल्या बाईची एक गंमत होती. ती कुणीच नव्हती. नटी नव्हती, मॉडेल म्हणून ओळखीची नव्हती. त्यामुळे ती कुणाचीही होऊ शकायची. आमच्या आजीचीसुद्धा.

लायब्ररीत अंक आहे, कव्हर नाही

माझा पहिला प्लॅन एकदम सिम्पल होता. जुन्या वाचनालयात जायचं, १९५० ते १९७० चे अंक चाळायचे, पणतीवाली बाई सापडली की फोटो काढायचा. एक वीकेण्ड, फार तर दोन.

एका जुन्या वाचनालयातल्या काकूंनी मला प्रेमानं बसवलं आणि समोर बांधीव खंडांचा ढीग आणून ठेवला. काळी रेक्झिन, सोनेरी अक्षरं, भारी वाटलं. पहिला खंड उघडला. अनुक्रमणिका, कथा, कविता, पुढच्या अंकाची अनुक्रमणिका, पुन्हा कथा... कव्हर?

‘‘बाइंडिंगला जाताना कव्हरं काढायचे पूर्वी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘कव्हरचा कागद जाड, खंड नीट मिटत नाही. जाहिरातींची पानंपण काढायचे. खंड साहित्याचा असतो ना!’’

दिवसभरात मी अकरा खंड चाळले. मुखपृष्ठं मिळाली तीन, तीही बाइंडरच्या नजरेतून सुटलेली.

मला त्या काकूंचा किंवा बाइंडरचा राग नाही आला. जागा कमी, पैसे कमी, वाचक कथा मागणार. पण तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट लख्ख कळली. अंकातली कथा पुढे पुस्तकात जाते, कविता संग्रहात जाते. कव्हर कुठेच जात नाही. त्याचं एकच घर, तो अंक. वाचनालयानं मजकूर ठेवला आणि कव्हर काढलं. कॅफेवाल्यानं कव्हर ठेवलं आणि मजकूर काढला. आणि आम्ही तर दोन्ही वजनावर घातलं! पूर्ण अंक, आहे तसा, कव्हर-जाहिराती-सहीसकट ठेवणारी एकच जमात उरते, ती म्हणजे कलेक्टर.

त्या दिवसापासून मी त्या जमातीत सामील झाले.

जमातीची ओळख

कलेक्टर म्हटलं की आपल्याला पैसेवाला, पांढऱ्या मिशांचा, चांदीच्या मुठीची काठी घेतलेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात मला भेटले ते आपल्यासारखेच लोक. एक बँकेत लोन डिपार्टमेंटला आहे, तो फक्त खिडकीचित्रं गोळा करतो. हिंजवडीतली एक टेस्टर ‘चांदोबा’च्या मागे आहे. ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. वड्डादि पापय्या यांची कव्हरं आणि शंकर यांनी काढलेला पाठीवर प्रेत घेतलेला विक्रम राजा म्हणजे तिचा जीव की प्राण. एक डेंटिस्ट तर केवळ ज्या कव्हरांवर पाऊस आहे तेवढीच घेतो. का? ‘‘आवडतो म्हणून.’’ बास, एवढं कारण पुरतं.

शिकार कुठे करायची याचेही फंडे आहेत. पुण्यात जुन्या पुस्तकांची दुकानं, पेठांमधले रद्दीवाले. मुंबईत माटुंग्याचं किंग्ज सर्कल, फोर्टातले फूटपाथ, चोरबाजार. शिवाय आता इन्स्टा आणि व्हॉट्सअॅप ग्रुप्स. रात्री साडेदहाला फोटो पडतात आणि जो पहिला ‘माझं’ लिहील त्याचा अंक. मी एकदा मित्राच्या संगीताच्या कार्यक्रमात नाचता नाचता ‘माझं’ टाइप केलंय!

पण सगळ्यात भारी सोर्स म्हणजे अजूनही रद्दीवाला. आमच्या नव्या सोसायटीजवळच्या काकांशी मी दोस्ती केली. सुरुवातीला त्यांना वाटलं, मुलीला अभ्यासाची पुस्तकं हवी असतील. मग मी कव्हर बघून अंक बाजूला काढायला लागले तसे ते हसायला लागले.

‘‘आतलं वाचत नाही का तुम्ही?’’

‘‘वाचते काका, पण नंतर.’’

‘‘आमच्याकडं उलटं. लोक आतलं वाचून कव्हर बघायच्या आत टाकतात.’’

ठिपके, रेषा आणि लाल ओठ

जुनं कव्हर खरं की नंतरचं प्रिंट, हे ओळखायला शिकणं ही एक वेगळीच मजा. बँकवाल्या मित्रानं मला एक छोटं भिंग दिलं आणि म्हणाला, ‘‘गालावर धर.’’ माझ्या नव्हे, कव्हरवरच्या बाईच्या!

भिंगाखाली तिचा गाल विरघळला. नुसते ठिपके. पिवळे, तांबडे, निळे, काळे. त्या काळी मूळ चित्राचे रंगांच्या फिल्टरमधून वेगवेगळे फोटो काढायचे, प्रत्येक रंगाचा धातूचा ब्लॉक करायचा आणि एकच कागद मशीनमधून रंगामागून रंग असा पुन्हा पुन्हा काढायचा. पिवळ्यावर तांबडा, त्यावर निळा, शेवटी काळा. कागद केसभर सरकला की रंग रेषेबाहेर. म्हणून काही प्रतींत बाईच्या ओठांचा लाल ओठांबाहेर पसरलेला दिसतो, तर त्याच अंकाच्या दुसऱ्या प्रतीत ती एकदम टापटीप. म्हणजे छापील असूनही दोन प्रती अगदी सारख्या असतीलच असं नाही. मला हे कळलं तेव्हा मी सॉलिड खूष झाले. इतकी वर्षं मी ‘छापील’ म्हणजे ‘कॉपी’ असं समजत होते.

आणखी एक सोपी टेस्ट म्हणजे कव्हर उलटा. खऱ्या कव्हरच्या पाठीमागे बहुतेक वेळा जाहिरात असते. शिवणयंत्र, केसांचं तेल, स्नो, शाई. मागची बाजू पांढरी कोरी दिसली तर समजा, कुणीतरी कालपरवा प्रिंटरवर काढलंय.

‘कापून देऊ?’

दीड वर्ष गेलं. पणतीवाली सापडली नाही, पण पदरवाली सापडली. कॅफेतली तीच बाई! एका जुन्या पुस्तकवाल्याकडे पूर्ण अंक होता, सहीसकट, वर्षासकट. (अंकाचं नाव आणि वर्ष इथे मुद्दाम सांगत नाहीये. भाव वाढेल आणि माझीच पंचाईत होईल!) पहिल्या पानावर एका सर्क्युलेटिंग लायब्ररीचा गोल शिक्का, कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं ‘वाचला’. आत पिना गंजलेल्या, पण पानं शाबूत.

‘‘पूर्ण अंक नऊशे,’’ तो म्हणाला. ‘‘नुसतं कव्हर घेतलंत तर बाराशे.’’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ‘‘कव्हर महाग? अंकापेक्षा?’’

‘‘कव्हर फ्रेमला जातं मॅडम. अंक कोण घेतो? तुम्हाला कापून देऊ? ब्लेडनं स्वच्छ काढून देतो, मागचं पान मी ठेवतो. आतल्या चित्रांचंपण गिऱ्हाईक आहे.’’

खरं सांगू? एक क्षणभर मलाही मोह झाला. नव्या फ्लॅटमधली माझी भिंत रिकामी आहे. पूर्ण अंक फ्रेम होत नाही, कपाटात जातो. आणि इन्स्टावर कपाटाला लाइक्स मिळत नाहीत.

पण मग तो कॅफे आठवला. कापलेली सही, अर्धं नाव. त्या चौकटीनं बाईला भिंतीवर आणलं, पण ती कोण, कधीची, कुणी काढली, हे सगळं पुसून टाकलं. मी पूर्ण अंक घेतला. स्कॅन करून त्याचा प्रिंट फ्रेम केला, अंक कपाटात. स्वतःच्या भिंतीपुरतं ठीक आहे. पण त्याचे टी-शर्ट आणि मग छापून विकायला निघाल तर जरा थांबा. आपल्या कायद्याप्रमाणे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे दलालांच्या चित्रांवर २०३१ अखेरपर्यंत आणि मुळगावकरांच्या चित्रांवर २०३६ अखेरपर्यंत. जुनं म्हणजे फुकट, असं नसतं.

आजीचं गुपित

अंक घेऊन मी थेट आजीसमोर बसले. शेजारी तिचा रुमाल पसरला.

‘‘बघ, चेहरा डिट्टो आहे. आता पणतीवाला अंक शोधायचा. तुला वर्ष आठवतं का?’’

आजीनं अंकावरून हात फिरवला. मग चक्क लाजली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी!

‘‘अगं, पणतीवाला नाहीये तसा कुठला. चेहरा हिचाच घेतला. पण हे हात मला जमेनात. मुठीतली बोटं दोऱ्यानं भरायची म्हणजे काय खाऊ आहे? मग दुसऱ्या वर्षीच्या कुठल्याशा अंकात एक बाई होती, तिचा तळहात सरळ होता. तो घेतला. पणती मी माझ्या मनानं घातली.’’

मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. दीड वर्ष! दीड वर्ष मी एका अशा चित्रामागे फिरत होते, जे कुठल्याच मासिकानं कधी छापलं नव्हतं. ते आमच्या आजीनं ‘एडिट’ केलेलं होतं. कट, पेस्ट, फोटोशॉप, सगळं दोऱ्यानं!

‘‘आणि तुझ्या आजोबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच,’’ ती पुढे म्हणाली. ‘‘कव्हर आणि कापड यांच्यामध्ये कार्बन ठेवायचा आणि वरून पेन्सिलीनं गिरवायचं. कव्हरवर रेघा उमटल्या. अंकाची वाट लावलीस म्हणाले. दोन दिवस बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतःच लाल दोऱ्याच्या दोन लडी घेऊन आले.’’

थोडा वेळ आम्ही दोघी गप्प बसलो. मग मी धीर करून विचारलं, ‘‘आजी, मी अंक रद्दीत दिले तेव्हा तू का नाही काही बोललीस?’’

‘‘काय बोलणार? तेव्हा तुला ते अंक नव्हतेच दिसत. नुसते गठ्ठे दिसत होते.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण एक गोष्ट मात्र आता मला माहीत झालीय. आजोबांच्या त्या प्रतीवर खूण आहे. तिच्या चेहऱ्याभोवती पेन्सिलीच्या दाबाची रेघ, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि हातापाशी काहीच नाही. हात तिनं गिरवलेलेच नाहीत. समोरून बघितलं तर दिसणार नाही. उजेडात तिरकं धरलं तरच दिसेल.

आज माझ्याकडे त्रेसष्ट अंक आहेत. सुतळीऐवजी पट्टीनं बांधलेत, पण चिठ्ठ्या आजोबांसारख्याच, वर्षाच्या. आणि कुठल्याही दुकानात त्या पदरवालीची प्रत दिसली की मी तिची किंमत नंतर विचारते. आधी दारात जाऊन कव्हर उजेडात तिरकं धरते. आतापर्यंत तीन प्रती बघून झाल्या. तिन्ही स्वच्छ. दुकानदाराला वाटतं, किती चोखंदळ गिऱ्हाईक आहे, एक डाग चालत नाही हिला!

त्याला काय सांगू, की मला डागवालीच हवी आहे.

तुम्हालाही सुरू करायचंय? मग हे वाचा

*एकच धागा पकडा.* सगळंच गोळा करायला गेलात तर महिन्याभरात घरच्यांचा संयम संपेल आणि पगारही. एक चित्रकार, एक मासिक किंवा एक विषय घ्या. सायकलवाल्या बायकांची कव्हरंही चालतील.

*पूर्ण अंक घ्या.* सुटं कव्हर दिसायला छान, पण त्याला नाव-गाव राहत नाही. सुटंच घ्यावं लागलं तर सही, वर्ष, मासिकाचं नाव शाबूत आहे ना ते बघा.

*किंमत करण्याआधी पानं मोजा.* मधली रंगीत पानं गायब असतात. अनुक्रमणिकेशी ताडून बघा. मागचं कव्हरही विसरू नका.

*सेलोटेप आणि लॅमिनेशन नको म्हणजे नको!* टेपचा गोंद पिवळा पडतो आणि कागदात मुरतो. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. फाटलं असेल तर तसंच राहू द्या किंवा जाणकाराकडे न्या.

*अंक आडवे ठेवा.* उभे ठेवले की वाकतात. पॉलिस्टरची पारदर्शक पिशवी आणि मागे अॅसिड-फ्री पुठ्ठा ही बेस्ट जोडी. साध्या पीव्हीसीच्या पिशव्या कागदाला चिकटतात.

*पावसाळ्यात सांभाळा.* दमट हवा आली की बुरशी, कसर आणि वाळवी मागोमाग येतात. कपाट भिंतीपासून थोडं लांब ठेवा, आठवड्यातून एकदा उघडा. कडक उन्हात मात्र अंक वाळत घालू नका, रंग उडतात. भिंतीवरच्या फ्रेमलाही हाच नियम.

*माहिती लिहून ठेवा.* कुठे मिळाला, कधी, केवढ्याला. अंकावर नाही, वेगळ्या वहीत. अंकावर लिहायचंच तर पेन्सिलीनं, हलक्या हातानं.

*घरच्यांना विचारा.* हे सगळ्यात महत्त्वाचं आणि अगदी फुकट. तुमच्या आजीला, मावशीला, शेजारच्या काकांना एखादं कव्हर दाखवा आणि गप्प बसा. पुढचं ते बोलतील.

आणि हो, दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरायची वेळ तुमच्यावर आलीच, तर रद्दीवाल्याला जरूर बोलवा. फक्त काट्यावर चढवायच्या आधी गठ्ठ्याची सुतळी एकदा सोडा. आणि त्यात मान कललेली, हिरव्या पोलक्यातली, पदर मुठीत धरलेली एखादी बाई दिसली, तर प्लीज, तिला जरा उजेडात तिरकं धरून बघा.